‘मैना’ या नावाच्या बाजूनं

ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात, चिता कॅम्पच्या गल्ल्यांत किंवा अणुशक्तिनगरच्या इमारतींत, कुठल्याही मराठी घरात बारशाआधी नावांची चर्चा निघावी आणि एखाद्या आजीनं ‘मैना ठेवा’ म्हणावं, की पुढचं ठरलेलं असतं. कुणीतरी म्हणतं, ‘हे काय लावणीतलं नाव!’ दुसरं कुणी विचारतं, ‘पिंजऱ्यातल्या पाखराचं नाव पोरीला?’ घरात थोडं वाचलेलं माणूस असेल तर ते समजावतं, की मूळ शब्द ‘मेना’, पार्वतीची आई. ‘मैना’ हा गावंढळ अपभ्रंश, तेव्हा ठेवायचंच तर शुद्ध रूप ठेवा. आणि शेवटी व्यवहारी तोडगा निघतो, की ‘मीना’ करून टाकू, ऐकायला जवळचंच आहे.

या चारही म्हणण्यांचा एकत्रित परिणाम असा झाला आहे, की आज लहान मुलीचं नाव मैना असलेलं सहसा आढळत नाही. नाव जुन्या बायकांबरोबर संपत चाललं आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. कारण या चारपैकी एकही म्हणणं नीट तपासलं तर टिकत नाही. नाव पक्ष्याचं आहे हे मला मान्य आहे, नव्हे, माझा आग्रहच आहे की ते पक्ष्याचं आहे. पण त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकीचे आहेत.

आधी पद्धतीचा प्रश्न. नावाचा उच्चार पक्ष्याच्या नावाशी जुळला की ते नाव पक्ष्यावरून आलं, असं आपण सहज धरून चालतो. ट्रॉम्बेच्या खाडीतच याचं उत्तर आहे. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात हजारोंनी उतरणाऱ्या फ्लेमिंगोला मराठीत ‘रोहित’ म्हणतात. याच पक्ष्यांसाठी 2015 मध्ये खाडीचा भाग अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. पण म्हणून उपनगरांतले सगळे रोहित या पक्ष्यावरून आले असं कुणी म्हणणार नाही. रोहित हे हरिश्चंद्राच्या मुलाचं नाव ऐतरेय ब्राह्मणात आहे. तांबडा रंग हा त्या शब्दाचा अर्थ, आणि तांबड्या पंखांमुळेच तो शब्द पक्ष्याला मिळाला. तीच गोष्ट चिमणाबाईंची. सयाजीराव गायकवाडांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव चिमणाबाई होतं. त्यांतल्या दुसऱ्या चिमणाबाई 1927 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. या नावात चिमणी पक्षी शोधणं चूक आहे. ‘चिमणा’ म्हणजे लहानगा. त्यावरून माणसाचं नाव निघालं आणि त्यावरूनच पाखराचंही. दोघी एका शब्दाच्या लेकी आहेत, एकीवरून दुसरी आलेली नाही.

याच्या उलट, जे नाव पक्ष्यावरून आलं हे ग्रंथातच सांगितलेलं आहे, त्याच्याकडे आपण पाखराचं नाव म्हणून पाहतही नाही. मेनकेनं मालिनी नदीच्या काठी टाकून दिलेल्या मुलीला शकुंत पक्ष्यांनी राखलं, म्हणून कण्वांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं, असं महाभारताचं आदिपर्व सांगतं. शकुंतला नावाच्या बाईंना ‘पाखराचं नाव का ठेवलं’ असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि सारिका? ‘सारिका’ म्हणजे साळुंकीच्या जातकुळीतला बोलणारा पक्षी, म्हणजे नेमकी मैनाच. साठ ते ऐंशीच्या दशकांत मुंबईच्या मराठी घरांतून सारिका हे नाव हौसेनं ठेवलं गेलं. सारिका ठेवताना पिंजरा आठवला नाही, लावणी आठवली नाही. पक्षी तोच, फक्त शब्द संस्कृत. तेव्हा हरकत पाखरावर नाही, ती देशी शब्दावर आहे. आजीच्या तोंडचा शब्द म्हणून तो हलका आणि कोशातला म्हणून भारी, एवढाच खरा भेद आहे, आणि तो भेद भाषेचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

आता लावणीचं म्हणणं. लावणीत आणि फडावरच्या गाण्यांत ‘मैना’ हे प्रेयसीचं संबोधन म्हणून येतं, हे खरंच आहे. नाकारायचं काहीच कारण नाही. पण एखाद्या शब्दाचं घर कुठलं हे ठरवताना तो पुरुषाच्या तोंडी कसा आला एवढंच पाहून कसं चालेल? बायका तो शब्द कुणासाठी वापरत होत्या, हे पाहायला नको का? त्याचा पुरावा अफाट आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आहे. त्या ओव्यांच्या दुनियेत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी. आई पहाटे दळताना सासरी गेलेल्या लेकीला मैना म्हणते, साळू म्हणते, हरणी म्हणते. लेकीला पाहुणेर करायचा असतो ती मैना; जिला जाच होतो म्हणून आईचा जीव तुटतो ती मैना; जिला आणायला भाऊ निघतो तीही मैना. पाळण्यावर टांगलेले राघू-मैना, पैठणीच्या पदरावर विणलेले राघू-मैना हे प्रियकर-प्रेयसीचं जोडपं म्हणून नव्हे, लेकरांची जोडी म्हणून घराघरांत आले. लावणीनं हा मायेचा शब्द घेतला तो तो मुळातच मायेचा होता म्हणून. उसना घेणाऱ्याच्या नावावर मालकी चढवणं बरोबर नाही.

घाटकोपरचं उदाहरण तर अगदी जवळचं. चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी आपलं बरंचसं लेखन केलं. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव गाजली. ‘मैना म्हणजे फडावरची बाई’ म्हणणारे हीच छक्कड पुरावा म्हणून पुढे करतात, पण मला वाटतं त्यांनी ती नीट ऐकलेली नसते. त्यातली मैना पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची गावी राहिलेली लग्नाची बायको आहे. घर सांभाळणारी, वाट पाहणारी, कष्टाची बाई. आणि पुढे जाऊन अण्णा भाऊंनी त्याच मैनेच्या ताटातुटीत बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या तुटलेल्या मुलखाचं दुःख ओतलं. महाराष्ट्राच्या अर्ध्या अंगाला द्यायला त्यांना जे नाव सुचलं ते मैना होतं. एका थोर शाहिरानं ज्या नावावर आख्ख्या राज्याचा भार ठेवला, ते नाव मुलीला ठेवायला हलकं कसं?

‘पढवलेलं पाखरू, स्वतःची बुद्धी नाही’ हा आक्षेपही याच ओघात येतो. मराठीत न समजता घोकणाऱ्याला आपण पोपटपंची करतो म्हणतो. मैनेवरून असा एकही शब्द नाही. हे उगीच नाही. सारिकेला बोलायला शिकवणं ही कामसूत्राच्या चौसष्ट कलांमधली एक कला होती, हे तर आहेच. पण कथांमध्ये ती शिकवलेलं तेवढंच बोलत नाही. हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटकात माकडानं पिंजरा उघडल्यावर उडून गेलेली सारिका सागरिकेचं गुपित राजाला ऐकू जाईल असं बोलून टाकते, आणि सगळं नाटक तिथून वळतं. हर्षानं तिचं नाव ठेवलं आहे मेधाविनी. ‘शुकसप्तती’त नवरा परगावी गेल्यावर प्रियकराकडे निघालेल्या प्रभावतीला तोंडावर सुनावते ती सारिका, प्रभावती तिची मान मुरगळायला धावते तशी ती उडून जाते. मग धूर्त पोपट गोड बोलून सत्तर रात्री गोष्टी सांगत बसतो. पोपटाची युक्ती सगळ्यांना आठवते, जिवावर उदार होऊन आधी खरं बोललेल्या सारिकेची आठवण कुणाला राहत नाही.

आणि वेताळपंचविशीतली ती गोष्ट! पोपट सारिकेला मागणी घालतो, ती नकार देते. कारण काय, तर पुरुष दुष्ट असतात. पोपट म्हणतो बायका दुष्ट. दोघं आपापल्या बाजूनं एकेक कथा सांगतात. सारिका ज्या माणसाची कथा सांगते त्यानं दागिन्यांसाठी बायकोला दरीत लोटलेलं असतं, ती वाचते, परत येते, आणि तो तिला पुन्हा मारतो. कथासरित्सागरात या सारिकेचं नाव सोमिका आहे. निकाल राजा विक्रम तिच्या विरुद्ध देतो. तो त्या काळाच्या पुरुषांचा निकाल आहे आणि आपण तो मानायचं कारण नाही. पण भारतीय कथासाहित्यात बायकांच्या बाजूनं राजदरबारी उभं राहून युक्तिवाद करणारी ही मैना आहे, एवढं ध्यानात घ्यावं. मला स्वतःला हे नाव आवडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

आता ‘मेना’चा मुद्दा. हा आक्षेप विद्वत्तेचा आव आणून येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. हिमालयाच्या राणीचं नाव मेना, हे खरं. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात ती आहे, तिच्या मुलाचं नाव मैनाक आहे. तुलसीदासांनी तिला मैना म्हटलं आहे, हेही खरं. पण त्यावरून मराठी मैना हा मेनाचा बिघडलेला उच्चार ठरत नाही. मराठीत ‘ए’चा असा ‘ऐ’ होत नाही. मेनका हे नाव खेड्यापाड्यांत कीर्तनातून, तमाशातून शेकडो वर्षं ऐकलं गेलं. ते कधी ‘मैनका’ झालं नाही. मग मेनाच तेवढी मैना का व्हावी?

मैना शब्दाचा माग कोशकार ‘मदना’ या शब्दापर्यंत नेतात. संस्कृत कोशांत ‘मदनशारिका’ हे या पक्ष्याचं नाव आहे. वररुचीच्या प्राकृतप्रकाशात सांगितलेला नियम असा, की दोन स्वरांमध्ये आलेले क, ग, च, ज, त, द वगैरे वर्ण प्राकृतात बहुधा गळून पडतात. म्हणून मदनाची मयणा झाली, आणि मयणेची मैना. याच ‘मदन’ शब्दाचा दुसरा अर्थ मधमाश्यांचं मेण. आपला ‘मेण’ हा शब्द तिथूनच आला, मदन, मयण, मेण अशा वाटेनं. हिंदीत त्याच शब्दाचं ‘मैन’ झालं. इथे एक बारकावा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीनं ‘अय’चा ‘ए’ केला आणि ‘ण’ राखला. हिंदीनं ‘ऐ’ केला आणि ‘न’ केला. कदलीचं आपण केळ केलं. रजनीचं रैन, नयनाचं नैन ही रूपं हिंदीची. म्हणजे मैना हा शब्द मराठीच्या मातीत घडला असता तर तो ‘मेणा’च्या जवळचा काहीतरी झाला असता. त्याचं आजचं रूप उत्तरेकडून आलं आहे. आपला स्वतःचा शब्द साळुंकी, तो सारिकेवरून आलेला. ज्या नावाला आपण गावंढळ म्हणून नाक मुरडतो ते खरं तर दूरचा प्रवास करून, माझ्या अंदाजानं नाथपंथी जोगी, किस्से सांगणारे आणि फिरते गायक यांच्या तोंडून, महाराष्ट्रात आलं, आणि इथल्या बायकांनी ते इतकं आपलं केलं की परकेपणाची खूणही उरली नाही.

तर मग उत्तरेत हिमालयाची राणी मैना कशी झाली? तिथे दोन शब्द एकमेकांत मिसळले. पक्ष्याचं नाव आधीच घरोघर होतं, मेना हे नाव पोथीतलं. बोलीनं जवळचं रूप पसंत केलं. मराठीत हे मिसळणं झाल्याची खूण नाही, उलट पुरावा आहे. मराठीत मैनेची जोडी राघूशी लागते. पार्वतीच्या आईची जोडी राघूशी कोण लावेल? ज्या घरात भावाचं नाव राघू आणि बहिणीचं मैना, त्या घरानं कुमारसंभव डोळ्यांपुढे ठेवलेलं नव्हतं, पाळण्यावरची पाखरं ठेवलेली होती. तेव्हा मैनेला ‘शुद्ध’ करून मेना करणं म्हणजे एका नावाच्या जागी वेगळंच नाव बसवणं आहे. मेना सुंदर नाव आहे. ते ज्यांना हवं त्यांनी जरूर ठेवावं. पण मैनेची दुरुस्ती म्हणून नको.

‘मीना’चं तर बोलायलाच नको. ती फारसीतली मीनाकारीची मीना असेल, नाही तर संस्कृतातल्या मीनावरून आलेली असेल. मैनेशी तिचं काही नातं नाही. मात्र या गल्लतीचा एक जुना कागद आहे. धारच्या पवारांच्या घराण्यातल्या मैनाबाई. दुसरे आनंदराव पवार 1807 मध्ये वारले तेव्हा त्या गरोदर होत्या. मूल मांडूला झालं, ते पुढे दगावलं. त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि शिंदे, होळकर, पेंढारी यांच्या दाबात चेपलेलं ते छोटं मराठी राज्य तगवून धरलं. 1819 च्या तहानंतर धार संस्थान म्हणून उरलं ते या बाईमुळे, हे इंग्रज लेखकांनीही कबूल केलं आहे. फक्त त्यांच्या लेखणीत मैनाबाईची ‘मीनाबाई’ झाली. तसंच तुर्भ्याचं ट्रॉम्बे झालं. परक्याला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, त्याला दोष देऊ नये. पण मराठी आईबापांनी स्वतःहून तीच गल्लत का करावी?

मैनाबाईंच्या आधी आणि नंतरही हे नाव मोठ्या बायकांचं होतं. श्रावणात ज्या घरांत नवनाथ भक्तिसाराचं पारायण होतं, तिथे मैनावतीची कथा दरवर्षी वाचली जाते. मालू कवींनी हा ग्रंथ शके 1741 मध्ये पुरा केला. गोपीचंद राजाची आई मैनावती ही जालंदरनाथांची शिष्या. मुलगा स्नानाला बसला आहे, वर माडीवर उभी असलेली आई त्याच्या सुंदर देहाकडे पाहते, हा देहही एक दिवस जाणार या विचारानं तिचे डोळे भरतात आणि अश्रू त्याच्या अंगावर पडतो. मग ती त्याला राज्य सोडून योगाची वाट धरायला सांगते. आपल्या परंपरेत मदालसा सोडली तर मुलाला असा उपदेश करणारी दुसरी आई चटकन आठवत नाही. बंगालमध्ये तीच मयनामती. कुमिल्ल्याजवळची प्राचीन विहारांची टेकडी आजही तिच्या नावानं मयनामती म्हणून ओळखली जाते. ग्रियर्सन यांनी 1878 मध्ये तिकडचं माणिकचंद्र राजाचं गीत छापलं, त्यातही ती आहे. नाव एका गावाचं नाही, अर्ध्या देशाचं आहे.

घाटकोपर आणि मुलुंडच्या जैन वस्त्यांत चैत्र आणि आश्विनातल्या आयंबिल व्रताच्या ओळीत श्रीपाल राजाचा रास वाचला जातो. त्याची नायिका मयणासुंदरी, हिंदी आणि मराठी जैनांची मैनासुंदरी. उज्जैनच्या राजानं मुलींना विचारलं, तुमचं सुख कुणामुळे? एकीनं म्हटलं, बाबा, तुमच्यामुळे. मैनासुंदरी म्हणाली, माझ्या कर्मामुळे. बाप संतापला, त्यानं तिचं लग्न कुष्ठरोग्याशी लावलं. तिनं ते स्वीकारलं, सिद्धचक्राची आराधना केली आणि नवऱ्यासह सातशे कुष्ठरोग्यांना बरं केलं. बापाच्या तोंडावर खरं सांगणारी ही राजकन्या. तिच्या नावात पाखरू नाही, मदन आहे, हे मान्य. पण मुळाशी शब्द तोच, आणि लोकांच्या कानाला दोन्ही मैना एकच. मांगीतुंगीच्या डोंगरात 2016 मध्ये पूर्ण झालेल्या 108 फुटी ऋषभदेव मूर्तीची प्रेरणा ज्यांची, त्या गणिनी ज्ञानमती माताजींचं दीक्षेपूर्वीचं नाव मैना होतं. 1934 साली उत्तर प्रदेशातल्या टिकैतनगरच्या जैन घरात मुलीला हे नाव ठेवताना कुणाला लावणी आठवली नसावी.

राहिला पिंजरा. माणसाचं बोलणं हुबेहूब उचलणारी ती डोंगरी मैना. ती पूर्वी बाजारात विकली जाई. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि पुढच्या सुधारणांनी भारतातल्या रानपाखरांचा व्यापार बंद केला. आज तिला घरात कोंडणं गुन्हा आहे. पिंजऱ्याचा आक्षेप पन्नास वर्षांपूर्वी घेतला असता तर त्यात काही अर्थ होता. आणि मैना म्हणजे ती एकटी नव्हे. तुरेवाली, तांबूस अंगाची भांगपाडीही मैनाच. गुलाबी मैना, म्हणजे भोरडी, मध्य आशियात वीण करून पावसाळ्याच्या शेवटाशी इकडे येते, थंडीभर राहते आणि पळस, पांगारा, सावर फुलली की त्यांच्या मधावर तुटून पडते. ट्रॉम्बेच्या टेकडीखाली, खाडीकडेच्या झाडांत संध्याकाळी मुक्कामाला येणारे तिचे थवे ज्यांनी पाहिले असतील त्यांना मैना म्हटल्यावर पिंजरा दिसायचं कारण नाही. आणि आपली रोजची साळुंकी? 1762 मध्ये टोळ खायला म्हणून तिला मॉरिशसला नेलं. मराठी मजूर त्या बेटावर पोचायच्या कितीतरी आधी ही तिथे घर करून होती. आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे, याचं पक्षीप्रेमींना वाईट वाटतं; मलाही त्या बेटांवरच्या मूळ पाखरांसाठी वाटतं. पण जी कुठेही नेऊन सोडली तरी जगते, जागा करते, जोडीनं राहते आणि कर्कश का होईना पण बोलल्याशिवाय राहत नाही, तिला दुबळं पाखरू म्हणता येणार नाही.

मग नाव दुर्मीळ का झालं? माझं उत्तर सरळ आहे. गेल्या शतकात मराठी मध्यमवर्गानं नावं पुस्तकांतून घ्यायला सुरुवात केली. ठकू, साळू, मैना, राघू, गंगू ही घरातली नावं मोलकरणींची नावं ठरली. नाटक-सिनेमांनी ती तशीच वापरली. जातीचा आणि वर्गाचा शिक्का नावावर बसला आणि ज्या बायका ती नावं बाळगत होत्या त्यांनाच त्यांची लाज वाटायला लावली गेली. अर्थ, उगम, शुद्धता ही सगळी नंतर शोधलेली कारणं आहेत. याच काळात बाहेर मात्र नाव जिवंत राहिलं. बंगाली घरांत लाडक्या मुलीला मयना म्हणतात. 2010 मध्ये प्रभू सॉलोमन यांच्या ‘मैना’ या तमिळ चित्रपटानं अमला पॉलला घराघरांत पोचवलं. चिता कॅम्पमध्ये तमिळ घरं पुष्कळ आहेत, अणुशक्तिनगरात बंगाली पुष्कळ. म्हणजे ट्रॉम्बेत या नावाला ओळख देणारे शेजारी आहेत. परकं झालं आहे ते मराठी घरालाच. आज ‘मायरा’ हे नाव उपनगरांत जोरात आहे आणि त्याचा अर्थ शोधायला लोक वेगवेगळ्या भाषांचे दरवाजे ठोठावतात. मायरा ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण ज्या नावामागे नाथांची आई, जैनांची राजकन्या, धारची राज्यकर्ती, घाटकोपरच्या शाहिराचा महाराष्ट्र आणि लाखभर ओव्यांतली लेक उभी आहे, त्याला ‘अर्थ काय?’ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

इंग्रजीत लिहिलं तर लोक ‘मेना’ वाचतील, ही शेवटची अडचण सांगितली जाते. वाचू देत, एकदा सांगितलं की कळतं. सईला, ओवीला, जुईलाही तेच करावं लागतं.

जन्मनोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार मुलाच्या जन्माची नोंद नावाशिवायही करता येते. नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे घाईनं ठरवायची गरज नाही. घरात चर्चा होऊ द्या, थोरल्या बायकांना बोलू द्या, आणि नाव मैना ठरलं तर महापालिकेच्या एम पूर्व विभागाच्या अर्जावर ते मैनाच लिहा. मेना नको, मीना नको. ‘म’वर दोन मात्रा द्या.